गिलाव्याखालची भेग

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील गवंडी आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते परांचीवरून खाली पडले आणि उजवा गुडघा सुजला. साध्या क्ष-किरण चित्रात काही स्पष्ट दिसेना, म्हणून सी. टी. स्कॅन करावा लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कागदपत्रे घेऊन डॉक्टरांपुढे बसण्याचे काम माझ्याकडे आले. अण्णांचा एकच प्रश्न होता, "सोमवारी कामावर जाता येईल का?" रोजंदारीच्या माणसाला दुसरा प्रश्न नसतो.

डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर गुडघ्याचे हाड दाखविले. हस्तिदंतात कोरल्यासारखे गुळगुळीत! हवे तसे फिरविता येत होते. मी आनंदाने म्हणालो, "म्हणजे हाड शाबूत आहे!" डॉक्टरांनी ते चित्र बाजूला सारले आणि करड्या रंगाची सपाट चित्रे एकामागून एक सरकवली. एकावर थांबून म्हणाले, "ही बघ भेग." केसासारखी बारीक, फिकट रेघ होती ती. मघाशी अखंड दिसलेल्या हाडातच ती होती.

मग ते देखणे चित्र खोटे होते काय? या प्रश्नापायी मी ग्रंथालयात बरेच दिवस घालविले. जे उमगले ते येथे मांडतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

सी. टी. स्कॅनचे यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने बनविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा शरीराच्या चकत्यांची चित्रे हे यंत्र देते, आणि तीही शरीराला सुरी न लावता. आज अशा एका चित्रात साधारणपणे ५१२ ओळी व ५१२ रकाने, म्हणजे २,६२,१४४ ठिपके असतात. चकतीला जाडी असल्यामुळे प्रत्येक ठिपका हा खरे तर एक इवला ठोकळाच असतो. प्रत्येक ठोकळ्याला एक आकडा मिळतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १०० च्या आसपास, तर कठीण हाडाचा १००० च्या घरात.

म्हणजे यंत्राजवळ हाड नसतेच. असतात ते आकडे. त्यांतून हाडाचा पृष्ठभाग काढण्याची एक प्रसिद्ध रीत विल्यम लॉरेन्सन व हार्वे क्लाइन यांनी १९८७ साली मांडली. आधी एक सीमा ठरवायची. समजा, ३०० च्या वर हाड, खाली मांस. मग शेजारशेजारच्या आठ आकड्यांना कोपरे मानून एक घन कल्पायचा. प्रत्येक कोपरा हाडात तरी असतो किंवा बाहेर तरी. आठ कोपऱ्यांचे असे २५६ प्रकार होतात. सारखे सारखे एकत्र केले की १५ उरतात. प्रत्येक प्रकारात पृष्ठभाग कसा जाईल, त्याचे त्रिकोण आधीच ठरलेले असतात. एका कोपऱ्यावर २०० आणि शेजारच्यावर ६०० असेल, तर ३०० ची जागा दोघांमधल्या अंतराच्या पावहिश्शावर धरायची. असे घनामागून घन ओलांडीत गेले की त्रिकोणांचे एक जाळे तयार होते.

परंतु चकत्या जाड असल्या की जाळ्यावर पायऱ्या उमटतात. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात समोच्च रेषांप्रमाणे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटविले, की डोंगराला जशा पायऱ्या पडतात, अगदी तशाच. तेथे आपण कागदाचा लगदा भरून उतार करतो. संगणक काय करतो? जाळ्याच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरी जागेकडे थोडे सरकवितो आणि हे पुन्हा पुन्हा करतो. पायऱ्या झिजतात, पण झिजता झिजता सारे हाडच आक्रसते. यावर गाब्रिएल टाउबिन यांनी १९९५ साली एक साधी तोड सुचविली. एक पाऊल सरासरीकडे टाकायचे, दुसरे किंचित मोठे पाऊल उलट दिशेने. खडबडीतपणा जातो, आकारमान बरेचसे टिकते.

आता भेगेकडे वळू. भेग ठोकळ्याहून अरुंद असेल, तर एकाच ठोकळ्यात हाडही येते आणि भेगही, अन् आकडा मिळतो दोहोंच्या सरासरीचा. समजा, ठोकळ्याचे चार हिस्से हाड (१०००) आणि एक हिस्सा भेगेतला द्रव (जवळजवळ शून्य). आकडा होईल ८००. सपाट चित्रात शेजारच्या १००० पुढे ८०० म्हणजे एक फिकट रेघ. जाणत्या डोळ्याला ती दिसते. पण ३०० च्या सीमेला ८०० हे हाडच! म्हणजे भेग पृष्ठभाग काढतानाच बुजली. तेथे बारीकशी खाच उरली असती, तरी पुढच्या घोटाईने तीही गेली असती.

म्हणून ते चित्र खोटे नव्हते. ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. हाडाचा आकार कसा आहे, तुकडा किती सरकला आहे, धातूची पट्टी कोठे बसेल, हे त्यावरून उत्तम कळते. जबड्याचा वा कवटीचा नमुना यंत्रावर घडवून शस्त्रक्रियेची आधी तयारी करता येते, तीही अशाच पृष्ठभागावरून. हाड चिरले आहे काय, हे मात्र मूळ चकत्यांनाच विचारावे लागते.

घरी आल्यावर मी हे सारे अण्णांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गिलावा गुळगुळीत झाला म्हणून भिंत चांगली, असं कुणी सांगितलं तुला? थापीनं ठोकून बघावं लागतं."

मी पुस्तकांतून जे शोधीत होतो, ते त्यांना आधीच ठाऊक होते. मात्र त्या दिवशी त्या गुळगुळीत चित्रावर माझ्यासारखेच डॉक्टरही थांबले असते, तर सोमवारी अण्णा पुन्हा परांचीवर चढले असते. ते सहा आठवडे घरी बसले. त्या दिवसांत घर कसे चालले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण गुडघा वाचला.