डोळ्यांत भरणारे, डोळ्यांवर येणारे

मुंबईत राष्ट्रीय उद्यान स्थानक सोडून मेट्रो ओवरीपाड्याकडे निघाली की उजव्या हाताला डोंगर दिसतो. पावसाळ्यात तो इतका हिरवा असतो की मोबाइलमध्ये खुपसलेली मान आपोआप वर होते. मग मध्येच एखादे होर्डिंग आडवे येते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते मान वर केली तरच दिसते, उंचावरून धावणाऱ्या मेट्रोत मात्र ते थेट डोळ्यांसमोर उभे राहते. डोंगरही ठळक आणि होर्डिंगही ठळक, पण त्यातला एकच हवासा वाटतो. नकोशा ठळकपणासाठी इंग्रजीत एक नेमके विशेषण आहे: ऑब्ट्रूसिव्ह.

शब्द लॅटिनमधला. ‘त्रूदेरे’ म्हणजे ढकलणे, रेटणे. ‘ऑब’ म्हणजे समोर, अंगावर. न विचारता अंगावर रेटलेले ते ऑब्ट्रूसिव्ह. याचे क्रियापद इंग्रजीत 16व्या शतकात आले आणि विशेषण 17व्या शतकात. याची भावंडे आपल्या ओळखीची आहेत. आत घुसणारा इंट्रूडर यातलाच. प्लास्टिकचा लगदा साच्यातून रेटून पाइप काढणारे कारखान्यातले एक्स्ट्रूडर यंत्रही यातलेच. मला सर्वांत आवडणारे भावंड मात्र ॲब्स्ट्रूस. मूळ अर्थ दूर ढकललेले, म्हणून दडलेले, म्हणून समजायला कठीण. एकच धक्का, तो आपल्याकडे आला तर डोळ्यांवर येतो, आपल्यापासून दूर गेला तर वस्तू दिसेनाशी होते.

‘डोळ्यांवर येणे’ हे मी मुद्दाम लिहिले. या इंग्रजी शब्दाला मराठीत चपखल विशेषण शोधू गेलो तर हात रिकामे राहतात. भडक म्हणावे तर तो रंगाचा दोष, आगाऊ म्हणावे तर तो माणसाचा. आपण हे काम क्रियापदांवर सोपवले आहे. चांगली गोष्ट डोळ्यांत भरते, नकोशी डोळ्यांत खुपते. एखाद्याची नवी गाडी, नवा बंगला गावाच्या डोळ्यांवर येतो. इंग्रजी शब्द ढकलणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवतो. मराठी ज्याला त्रास होतो त्याच्या डोळ्यांतून बोलते. मला मराठीची बाजू जवळची वाटते, कारण खुपते कुणाला हे ती विसरू देत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत हे विशेषण थेट तांत्रिक परिभाषेत गेले आहे. बाहेरच्या दिव्यांचा जो उजेड नको तिथे, नको तेवढा पडतो, त्याला प्रकाशतज्ज्ञ ‘ऑब्ट्रूसिव्ह लाइट’ म्हणतात. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने तो मर्यादेत ठेवण्यासाठी 2003 मध्ये मार्गदर्शिका काढली आणि 2017 मध्ये ती सुधारली. दहिसरमध्ये रस्त्याकडेच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला ही परिभाषा समजावून सांगावी लागत नाही. समोर डिजिटल फलक लागला की जाहिरात बदलेल तशी निजायच्या खोलीची भिंत कधी निळी होते, कधी लाल. पडदा जाड करायचा, तोही आपल्याच खर्चाने. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. अंधार जपणे म्हणजे मागासलेपण नव्हे, हे महाराष्ट्रातल्याच एका जंगलाने दाखवले. आमच्या दहिसरच्या दारातही राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. दहिसर नदी त्याच जंगलातून, तुळशी तलावाकडून येते. रात्री लखलखणारे फलक त्याच्या काठापर्यंत पोचले आहेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशा डोळ्यांवर येणाऱ्या फलकांसाठी कायद्याचा शब्द ‘विद्रूपण’. मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा राज्याचा कायदा 1995 चा आहे, आणि तरी नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फलक झळकतात. नजरेला होणारा त्रास आपण किरकोळ समजतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले, 17 माणसे गेली. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची. ते होर्डिंग त्याच्या कितीतरी पट मोठे होते. कोसळण्याआधी ते रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर होते. एवढे मोठे काही न दिसणे शक्यच नव्हते.

‘ऑब्ट्रूसिव्ह’ला नकाराचा ‘अन’ लावला की स्तुती होते. अनऑब्ट्रूसिव्ह म्हणजे पुढेपुढे न करणारा, असूनही न खुपणारा. दहिसरला लागूनच त्याचे उदाहरण आहे. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेवरच्या मंडपेश्वर स्थानकाला ज्या लेण्यांचे नाव आहे, ती सुमारे 6व्या शतकातली. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे चर्च केले आणि वरच्या खडकावर इमारत उभारली. तिच्या पडक्या भिंती लांबूनच दिसतात. लेणे मात्र खाली, खडकाच्या पोटात. रस्त्यावरून त्याची चाहूल लागत नाही. जवळ जाऊन, आत शिरून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. मग भिंतीवरचा झिजलेला नटराज हळूहळू दिसू लागतो.