पिकअपला लाकूड ऐकू येतं का?

स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी आमचा एक माजी विद्यार्थी आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता. दोन वर्षांच्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने ती घेतली होती. तालीम संपल्यावर तो प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडे छोटं ड्रिल आहे ना? पिकअपची ही प्लॅस्टिकची चौकट काढून टाकायची आहे. पिकअप थेट लाकडात स्क्रूने आवळला की लाकडाची कंपनं सरळ त्याच्यात जातात. आवाज भरदार होतो आणि जास्त वेळ टिकतो. सगळे असंच सांगतात."

ड्रिल होतं, पण मी ते लगेच काढलं नाही. लाकडाला पाडलेलं भोक परत बुजवता येत नाही. शिवाय "सगळे सांगतात" हे ऐकलं की विज्ञानशिक्षकाने थोडं थांबायला हवंच. "लाकडाची कंपनं पिकअपमध्ये जातात म्हणजे नक्की काय होतं?" असं मी त्याला विचारलं. उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून आम्ही मुळापासून सुरुवात केली.

पिकअप काय करतो?

सतारीत किंवा तंबोऱ्यात तारेची कंपनं घोडीतून तबलीत उतरतात, भोपळ्यातली हवा हलते आणि आवाज मोठा होतो. तिथे लाकूड आणि भोपळा हेच वाद्याचं पोट. इलेक्ट्रिक गिटारचं अंग मात्र बहुधा भरीव लाकडाचं असतं. ती स्पीकरला न जोडता वाजवली तर शेजारच्या बाकावर जेमतेम ऐकू येते. तिचा आवाज तयार होतो तो विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने. फॅराडेने १८३१ साली दाखवलेलं हे तत्त्व आपण दरवर्षी शिकवतोच.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ही तार केसासारखी बारीक, सुमारे ०.०६ मिमी जाडीची असते. एका वेटोळ्यात तिचे काही हजार वेढे असतात. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपमध्ये ते साधारण ७ ते ८ हजार भरतात. वर ताणलेली पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हाच दाब वाढवून स्पीकरला दिला जातो. जॉर्ज बोशाँ याने अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला असा पिकअप बनवला. त्याच्या वाद्याला १९३७ साली पेटंट मिळालं. गोल अंग आणि लांब मान यामुळे त्या गिटारला लोक 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तो मोजतो तारेची हालचाल, आणि तीही स्वतःच्या सापेक्ष.

बसवण्याच्या तीन तऱ्हा

पिकअप बसवण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. त्यांच्यामागची कारणं आवाजापेक्षा कारखान्यातली सोय आणि दिसणं यांच्याशी अधिक जोडलेली आहेत.

पहिली पद्धत थेट लाकडात आवळण्याची. ही नवी मुळीच नाही. १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने विकल्या गेलेल्या फेंडर गिटारमध्ये मानेजवळचा पिकअप लाकडातच स्क्रूने बसवलेला होता. याच गिटारचा घोडीजवळचा पिकअप मात्र घोडीच्या पोलादी पत्र्याला टांगलेला होता.

दुसरी पद्धत पिकगार्डला टांगण्याची. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तिन्ही पिकअप एका मोठ्या प्लॅस्टिकच्या तक्त्याला स्क्रू व स्प्रिंगांनी टांगले गेले. आवाज कमीजास्त करणारी बटणंही त्याच तक्त्यावर आली. त्यामुळे सगळी जोडणी टेबलावर करून तक्ता गिटारवर बसवता येऊ लागला. शिवाय लाकडात कोरलेल्या ओबडधोबड खाचा त्याखाली झाकल्या गेल्या.

तिसरी पद्धत चौकटीची. १९५७ पासून गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर सेथ लव्हर याने तयार केलेले दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप आले. विजेच्या तारांमुळे येणारी गुणगुण ते घालवतात, म्हणून त्यांना हमबकर म्हणतात. लेस पॉलची वरची बाजू फुगीर आहे. तिच्यावर सपाट तक्ता बसला नसता. म्हणून प्रत्येक पिकअपभोवती एकेक प्लॅस्टिकची चौकट आली. तारा मानेकडून घोडीकडे जाताना लाकडापासून उंच होत जातात. म्हणून घोडीजवळची चौकट जास्त उंच असते. चौकट काढली तर खाचेची कड आणि स्क्रूची चार भोकं उघडी पडतात. काहींना हे रांगडं रूप आवडतं, काहींना ते अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

मग थेट लाकडात आवळण्याची एवढी ख्याती कशामुळे झाली? त्याचं बरंच श्रेय एडी व्हॅन हेलन या वादकाकडे जातं. १९७८ साली त्याच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. सुटे भाग जोडून त्याने बनवलेल्या गिटारमध्ये हमबकर थेट लाकडात आवळलेला होता. पण तो पिकअप त्याने वितळलेल्या मेणातही बुडवला होता. ही दुसरी गोष्ट सांगताना लोक विसरतात. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आवाज कशाने बदलतो?

पहिलं कारण अंतर. चुंबकाचं क्षेत्र तारेपर्यंत जाताना झपाट्याने क्षीण होतं. म्हणून पिकअप मिलिमीटरभर वर आला तरी आवाज मोठा होतो, आणि त्याचा पोतही बदलतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता पिकअप आणि तार यांच्यात साधारण २ मिमी अंतर ठेवण्याची पद्धत आहे. पिकअप फार जवळ आणला तर, विशेषतः स्ट्रॅटोकास्टरमध्ये, चुंबक तारेलाच ओढू लागतात. मग सूर डळमळतो आणि लवकर विरतो.

दुसरं कारण जागा. स्ट्रॅटोकास्टरच्या मोकळ्या तारेची लांबी ६४८ मिमी असते. मानेजवळचा पिकअप घोडीपासून सुमारे १६२ मिमीवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर असतो. तिथे मूलस्वराचा आयाम त्याच्या कमाल आयामाच्या सुमारे ७१ टक्के असतो. घोडीजवळच्या पिकअपखाली, सुमारे ४० मिमीवर, तो जेमतेम १९ टक्के भरतो. उलट चौथ्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे तार स्थिर राहते ती जागा, पाव लांबीवरच येतो. म्हणून मोकळ्या तारेचा तो उपस्वर मानेजवळच्या पिकअपला जवळजवळ मिळतच नाही. मानेजवळचा आवाज गोल आणि घोडीजवळचा टोकदार लागतो, तो यामुळे. अकरावी-बारावीच्या मुलांना हे आकडे ज्या-सारणीवरून स्वतः काढता येतील.

तिसरं कारण आजूबाजूचा धातू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा पत्रा आला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात आणि वरच्या उपस्वरांची धार बोथट होते. पितळ चांगलं वाहक असल्याने त्याचं झाकण ही धार जास्त खातं. जर्मन सिल्व्हर तितकं चांगलं वाहक नसल्याने कमी खातं. टेलिकास्टरच्या पोलादी पत्र्याचाही तिच्या आवाजात वाटा आहे. म्हणजे बसवण्याची पद्धत आवाज बदलू शकते, पण ती चुंबकीय मार्गाने.

चौथं कारण पिकअपचं स्वतःचं हलणं, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा मुद्दा. लाकडात घट्ट आवळलेला पिकअप लाकडाबरोबर हलतो. स्प्रिंगवर टांगलेला पिकअप खडबडीत रस्त्यावरच्या गाडीसारखा असतो. चाकं थरथरतात, पण आतला प्रवासी तितका थरथरत नाही. फरक आहे, पण केवढा? तारेचं हलणं डोळ्यांना दिसतं. भरीव लाकडाचं हलणं बोट टेकवलं तरच जाणवतं. दोन्हींच्या सापेक्ष गतीत लाकडाचा वाटा नगण्य राहतो. तारेची ऊर्जा तिच्या टोकांतून आणि हवेत जाते. ती पिकअपच्या स्क्रूने अडवता येत नाही.

घट्ट बसवण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. स्पीकर फार मोठा केला की त्याच्या आवाजाने पिकअपचे सैल वेढे आणि झाकण थरथरू लागतात. ती थरथर पुन्हा स्पीकरमधून येते आणि कर्कश किंकाळी सुरू होते. मेण वेढ्यांना जखडून ठेवतं, म्हणून ते मेणात बुडवणं. घट्ट आवळल्याने सबंध पिकअप खाचेत डुगडुगत नाही. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्यांना याचा उपयोग आहे.

भोक न पाडता केलेली परीक्षा

आता ड्रिलकडे येतो. आम्ही पिकअपच्या खाली लाकडी पट्ट्या सारल्या आणि तो चौकटीच्या स्क्रूंनी त्यांच्यावर घट्ट दाबून बसवला. स्प्रिंगचा डोलारा गेला आणि पिकअप लाकडाला टेकला. वाजवून पाहिलं तर आवाज खरोखरच भरदार! विद्यार्थी खूश झाला. मग मी व्हर्निअर कॅलिपर काढला. पिकअप दीड मिलिमीटर वर आला होता.

पट्ट्या तासून अंतर पहिल्याइतकं केलं. दोन्ही पद्धतींची ध्वनिमुद्रणं मोबाइलवर घेतली आणि नाणं उडवून ठरवलेल्या क्रमाने सहा जणांना ऐकवली. ज्यांना आधी फरक स्वच्छ कळत होता, त्यांचे अंदाज आता निम्मे बरोबर आणि निम्मे चूक आले. एकाच पद्धतीतले दोन झंकारही एकमेकांपासून तितकेच वेगळे होते. सहा कानजोड्या आणि एक गिटार यांवरून सगळ्या गिटारींचा निकाल लागत नाही. पण त्या गिटारला भोक पाडायचं की नाही, एवढं ठरवायला ते पुरेसं होतं. त्याने चौकट तशीच ठेवली, उंचीचे स्क्रू अर्धा फेरा फिरवले आणि हवा तो भरदारपणा फुकटात मिळवला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण फळ्यावर लिहितो. इथे पद्धत बदलताना अंतरही बदललं होतं आणि श्रेय लाकडाला मिळत होतं.

वर्गात करून पाहा

प्रयोगशाळेतल्या स्वरमापीवर पोलादी तार ताणा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून बारीक एनॅमल तार आणा आणि एका दंडचुंबकाच्या टोकाभोवती हजारभर वेढे द्या. वेटोळ्याची टोकं घासून शाळेच्या ध्वनिवर्धकाच्या माइकच्या खाचेला जोडा. चुंबकाचं टोक तारेपासून २, ४ आणि ८ मिमीवर धरून तार छेडा. नंतर अंतर तेच ठेवून जागा बदला. त्यानंतर जागा आणि अंतर दोन्ही तीच ठेवून वेटोळं एकदा लाकडावर पक्कं करा आणि एकदा स्पंजावर ठेवा.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा. तंबोऱ्याला असा पिकअप लावला तर पोलादी जोडीच्या तारा वाजतील, पण पितळी खर्ज गप्प का राहील? मुलांनी काय उत्तरं दिली, ती आम्हाला जरूर कळवा.