स्वमग्नता
सामाजिक व्यवहार व संज्ञापन यांत बालपणापासून आढळणाऱ्या अडचणी आणि वर्तनातील साचेबंदपणा या लक्षणांवरून ओळखली जाणारी मेंदूविकासाची अवस्था. तिचे रूप व तीव्रता व्यक्तिपरत्वे फार भिन्न असल्याने हल्ली ‘स्वमग्नता वर्णपट’ अशी व्यापक संज्ञा योजतात.

लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बॉल्टिमोर येथे तपासलेल्या ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९४४ मध्ये हान्स आस्पेर्गर यांचे व्हिएन्नातील मुलांविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यानंतर बराच काळ मातेच्या भावशून्यतेमुळे मूल स्वमग्न होते, असे मानले जाई. या मतास पुरावा नव्हता; तरीही असंख्य मातांना हा दोष वाहावा लागला. सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासाद्वारे आनुवंशिक घटकांचे महत्त्व दाखवून दिले.

रक्ततपासणी किंवा मेंदूचे चित्रण यांवरून निदान होत नाही. मुलाच्या विकासाचा इतिहास व प्रत्यक्ष निरीक्षण हेच त्याचे आधार होत. साधारणतः दीड वर्षाचे मूल आकाशातील विमान बोटाने दाखवून आईकडे वळून पाहते. त्याला विमान नको असते, तर तिनेही ते पाहावे असे वाटत असते. हे ‘दाखविणे’ स्वमग्न मुलांत बहुधा उशिरा येते किंवा कमी आढळते. हवी असलेली वस्तू मिळविण्यासाठी मात्र अशी काही मुले मोठ्यांचा हात धरून तिच्याकडे नेतात. नावाने हाक मारल्यावर न वळणे, आलेले शब्द नाहीसे होणे, एकच हालचाल वारंवार करणे, ठराविक आवाज वा स्पर्श असह्य होणे हीही लक्षणे होत. श्रवणदोष नाही ना, हे प्रथम तपासावे लागते. उशिरा बोलणे म्हणजे स्वमग्नता नव्हे. पण ‘मुलगे उशिराच बोलतात’ हा घरोघरी मिळणारा दिलासा पुष्कळदा निदान लांबवितो. भारतात ४० विधानांची एक मापनश्रेणी वापरतात. तीत ४० ते २०० गुण मिळू शकतात व ७० हून कमी गुण असल्यास स्वमग्नता नाही, असे धरतात. अर्थात केवळ आकड्यावर विसंबणे इष्ट नव्हे.

ही अवस्था आयुष्यभर राहते. कॅनर यांच्या लेखातील पहिला मुलगा, डॉनल्ड ट्रिप्लेट, पुढे मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट गावी बँकेत नोकरी करू लागला. ८९ वर्षांचे असताना २०२३ मध्ये ट्रिप्लेट यांचे निधन झाले. प्रौढांचे निदान अधिक अवघड असते : बालपणाची माहिती देणारे कोणी उरलेले नसते आणि इतरांचे अनुकरण करून आपल्या अडचणी झाकण्याची सवय जडलेली असते. स्त्रियांत हे विशेष आढळते. त्यामुळे अनेकांवर वर्षानुवर्षे केवळ चिंता वा अवसाद यांचेच उपचार होत राहतात. काहींना तर स्वतःच्या मुलाचे निदान होताना आपले बालपण ओळखू येते.