नवपदवीधर वैद्यांपुढील दोन वाटा

मराठवाड्यातील नवपदवीधर वैद्यांपुढे आज बहुधा दोन वाटा असतात. पहिली समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांवर आलेले हे पद सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या आदिवासी तालुक्यातही मिळते. मानधन ठरलेले, रुग्ण विपुल. परंतु नेमणूक कंत्राटी आणि काम मुख्यतः मधुमेह-रक्तदाब तपासणी, क्षयरुग्णांचा पाठपुरावा यांचे. दुसरी वाट लातुरात ज्येष्ठ वैद्यांच्या हाताखाली राहण्याची. तेथे वेतन अल्प, मात्र नाडीपरीक्षा, पंचकर्म व औषधीनिर्माण प्रत्यक्ष शिकता येते. डोक्यावर कर्ज असेल तर पहिली वाट पत्करण्यात कमीपणा नाही. तथापि करार संपल्यावर हाती कोणते कौशल्य उरेल, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. शिकाऊ वैद्यास आपण विद्या देतो की केवळ राबवून घेतो, याचा विचार ज्येष्ठ वैद्यांनी व औषधीनिर्मात्यांनीही करावा.