बाग मोकळी ठेवायची की सभागृह बांधायचे?

मंडळी, गणपतीसाठी हॉल शोधताना कोणीतरी म्हणतेच, "आपल्या र्युसेल्सहाइमच्या श्टाटपार्कमध्ये एवढी जागा आहे, एका कोपऱ्यात सभागृह बांधले तर काय बिघडेल?" बर्लिनकरांनी याच प्रश्नावर भरपूर खल केला आहे.

तिथला टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून ३०० हेक्टरांहून मोठे ते मैदान सर्वांना खुले झाले. कडेने घरे आणि मध्यवर्ती ग्रंथालय बांधायची सरकारची योजना होती. ग्रंथालय नको असे कोण म्हणेल? तरीही २५ मे २०१४ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी मैदान मोकळेच ठेवा असा कौल दिला. २०१६ मध्ये मात्र निर्वासितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी त्या कायद्यात बदल करण्यात आला.

मला यातला 'तात्पुरता' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पक्के बांधकाम ही एकाच दिशेने जाणारी अभिक्रिया आहे. हिरवळ सहसा परत मिळत नाही. म्हणून आधी गावातल्या शाळांचे, चर्चचे रिकामे हॉल पाहावेत.

त्या सार्वमतात भारतीय पासपोर्टवाल्यांना मत नव्हते. परंतु नगरपालिका बांधकाम आराखड्याचा मसुदा जाहीर करते, तेव्हा साधारण महिनाभर कोणीही लेखी म्हणणे मांडू शकतो. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, मुलांनाही तो हक्क आहे.

तेव्हा असा प्रश्न इथे आलाच, तर तुम्ही हॉलच्या बाजूचे असा की झाडांच्या, चार ओळी जर्मनमध्ये लिहून राटहाउसात जरूर द्या.