हेडफोनमधला सूर वरातीत का हरवतो?

लग्नसराईत पाचोऱ्याच्या रस्त्यावरून वरात निघाली की नाचणाऱ्यांच्या पायांना ठेका मिळतो तो ड्रम आणि ताशांचा. पण गाणे कोणते आहे हे कळते ते बेंजोवरून. गाणे अहिराणी असो वा हिंदी चित्रपटातले, त्याची चाल उचलून धरण्याचे काम या वाद्याकडे असते. जळगाव-धुळ्यापासून मुंबई-कोकणापर्यंत लग्नात, गणेशोत्सवात आणि जयंत्यांच्या मिरवणुकीत बेंजो पथकांना मोठी मागणी असते. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांच्या जगावर हिंदी चित्रपट काढला, तेव्हा महानगरातील प्रेक्षकांनाही या वाद्याची नव्याने ओळख झाली.

अमेरिकेतील बँजोशी या बेंजोचे नाते केवळ नावापुरते आहे. हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, अशी त्याची रचना. तेच वाद्य भारतात येऊन बुलबुल तरंग झाले. पुढे त्याच्या तारांखाली गिटारसारखा पिकअप बसला आणि ते विजेवर वाजू लागले. विजेवर वाजणाऱ्या तारवाद्याला गिटारची सारी उपकरणे जोडता येतात. त्यामुळे गिटारसाठी निर्माण झालेला डिजिटल मॉडेलर, वादकांच्या भाषेत ‘प्रोसेसर’, बेंजोच्या शेजारीही दिसू लागला. ऑर्केस्ट्रातील गिटारवादकाचे तर त्यावाचून पानही हलत नाही.

मात्र या यंत्राचा एक अनुभव बहुतेक वादकांच्या वाट्याला येतो. रात्री घरी हेडफोन लावून तासन्‌तास जुळवलेला भरदार, दोन्ही कानांत फिरणारा सूर दुसऱ्या दिवशी वरातीत बारीक, टोचणारा किंवा चिखलात रुतल्यासारखा ऐकू येतो. मग आवाज वाढवला जातो, शेजारचा कीबोर्डवादकही वाढवतो आणि शेवटी कुणाचेच काही समजत नाही. यात दोष यंत्राचा क्वचितच असतो. ज्या ठिकाणी आणि ज्या स्पीकरमधून सूर ऐकला जाणार आहे, त्याचा विचार न करता तो घडवला जातो, हे त्याचे खरे कारण आहे.

यंत्र काय करते?

विजेच्या गिटारचा आवाज केवळ तारांचा नसतो. अॅम्प्लिफायर, त्याच्या पेटीतील स्पीकर आणि स्पीकरसमोरचा मायक्रोफोन या साखळीतून तो घडतो. मॉडेलर ही साखळी गणिताने उभी करतो. तारांमधून आलेला विद्युतसंकेत तो सेकंदाला ४४,१०० किंवा त्याहून अधिक वेळा मोजतो आणि प्रत्येक आकड्यावर गणित करून नवा संकेत बाहेर सोडतो. रोलँड कंपनीचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ मध्ये आले. १९९८ मधील लाइन सिक्सच्या ‘पॉड’ने ही कल्पना घराघरांत नेली. २०११ मध्ये केम्पर आणि २०१५ मध्ये हेलिक्स आल्यावर खऱ्या अॅम्प्लिफायरशी असलेले अंतर फारच कमी झाले.

या साखळीतील स्पीकरपेटीचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि तरीही सर्वांत महत्त्वाचा. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर टाकतच नाही. गिटारच्या आवाजाला गोलाई येते ती या उणिवेमुळे. प्रोसेसरची तार थेट मिक्सरला आणि तेथून मोठ्या स्पीकरना जोडली, की ही नैसर्गिक गाळणी नाहीशी होते. अशा वेळी यंत्रातील ‘कॅबिनेट’ची नक्कल चालू ठेवावी लागते. ती बंद राहिली तर फाटलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, आवाजातील सारी खरखर भोंग्यातून उघडी पडते. उलट, प्रोसेसर गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडला असेल तर ही नक्कल बंद ठेवावी. अन्यथा गाळणी दोनदा लागून आवाज कोंडल्यासारखा होतो.

कानाची लहर

दुसरी फसगत मानवी कानाची. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू असताना कानाला खर्जातील ध्वनी कमी जाणवतात आणि आवाज वाढत जाईल तशी ही तफावत कमी होत जाते. घरातले निजलेले असताना हळू आवाजात सूर जुळवणारा वादक साहजिकच खर्ज वाढवतो, झिलई यावी म्हणून वरची पट्टीही वाढवतो आणि मधला भाग कापतो. खोलीत हे मोठे रुबाबदार वाटते. तोच सूर रस्त्यावर दसपट जोराने वाजला की वाढवलेला खर्ज ढोलांत मिसळून गदगद करतो आणि वरची पट्टी कानाला टोचते. गाण्याची चाल ज्या मधल्या पट्टीत असते, ती मात्र आधीच कापलेली असते. म्हणून सूर अखेरचा जुळवायचा तो प्रत्यक्ष वाजवण्याच्या आवाजातच.

वाढवण्याआधी कापणे

इक्वलायझर म्हणजे ध्वनीच्या निरनिराळ्या पट्ट्यांना कमी-अधिक करणारी चाळणी. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झचा आणि सर्वांत बारीक तार ३३० हर्ट्झचा मूळ स्वर देते. ८० हर्ट्झच्या खाली उरतो तो बहुतांशी हाताचा धक्का, वाहनाची थरथर आणि विजेचा गुणगुणाट. त्यामुळे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सारे कापून टाकले तरी गाण्याचे काही बिघडत नाही. ती जागा ढोल आणि बासला मिळते. वरच्या बाजूला ६,००० हर्ट्झच्या आसपास कात्री लावली की खरखर जाते.

मधल्या पट्ट्यांची ओळख थोड्या सरावाने होते. २०० ते ४०० हर्ट्झ वाजवीपेक्षा जास्त झाले की आवाज गढूळ होतो. ५०० ते ८०० हर्ट्झमध्ये सुराचे अंग असते. १,००० ते २,००० हर्ट्झमुळे तो गर्दीतून पुढे येतो. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान कान सर्वांत तीक्ष्ण असतो आणि पोलादी तारांच्या बेंजोची धारही नेमकी तेथेच असते. ही बोच शोधण्याची एक सोपी रीत आहे. इक्वलायझरची एक अरुंद पट्टी मुद्दाम वाढवायची आणि हळूहळू वर-खाली फिरवायची. कान जेथे नकोसे करतो, तेथे थांबून तीच पट्टी तीन-चार डेसिबलने कमी करायची. एवढ्याने आवाज मवाळ होतो आणि त्यातील जोरही टिकतो.

इक्वलायझर साखळीत कोठे बसवला आहे, यानेही फरक पडतो. डिस्टॉर्शनच्या आधी बसवला तर कोणत्या ध्वनींनी फाटायचे हे तो ठरवतो. खर्ज आधीच कमी केला तर जाड तारांचे स्वर स्वच्छ राहतात. नंतर बसवला तर तयार आवाजाचा केवळ रंग बदलतो. शिवाय वादकाने एकट्याने वाजवताना जे भरदार वाटते, ते ताफ्यात बसेलच असे नाही. कीबोर्ड आणि बेंजो एकाच पट्टीत भांडत असतील, तर एकाने थोडे मागे सरणे हाच तोडगा असतो.

स्टिरिओचा मोह

तिसरी फसगत सर्वांत गोड आहे. ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीचे पेटंट मागितले, त्यामागची कल्पना साधी होती: दोन कानांना किंचित वेगळे ऐकवले की ध्वनीला रुंदी येते. १९७५ मध्ये आलेल्या रोलँडच्या ‘जॅझ कोरस’ अॅम्प्लिफायरने हेच गिटारसाठी केले. त्याच्या दोन स्पीकरपैकी एकातून मूळ आवाज निघतो, दुसऱ्यातून किंचित वर-खाली डोलणारा. दोन्ही हवेत मिसळतात आणि एका गिटारच्या जागी अनेक वाजत असल्याचा भास होतो. आजच्या प्रोसेसरमधील कोरस, डावी-उजवीकडे उड्या मारणारा ‘पिंगपाँग’ प्रतिध्वनी आणि रुंद घुमारा ही त्याचीच पुढची पिढी.

परंतु ही रुंदी ऐकण्यासाठी श्रोत्याला दोन स्पीकरच्या मधोमध थांबावे लागते. वरातीत कोण थांबतो? गाडीच्या डावीकडे नाचणाऱ्याला डावाच स्पीकर ऐकू येतो. उड्या मारणाऱ्या प्रतिध्वनीतील अर्ध्या उड्या त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यातच अनेक ठिकाणी मिक्सरपासून पुढे सारी यंत्रणा मोनो असते, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र होऊन सर्व स्पीकरमधून तेच ऐकू येते.

हे एकत्र होणेच घात करते. रुंदी आणण्यासाठी काही इफेक्ट उजव्या बाजूचा आवाज दहा मिलिसेकंद उशिरा सोडतात. हेडफोनमध्ये तो भव्य वाटतो. पण दोन्ही बाजू एका तारेत आल्या की ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ठरावीक अंतरावरचे ध्वनी एकमेकांना पुसून टाकतात. ध्वनीच्या आलेखात कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात आणि आवाज पोकळ होतो. एका बाजूची लहर उलटी करून रुंदी आणणाऱ्या इफेक्टमध्ये तर काही भाग साफ नाहीसा होऊ शकतो.

यावरचे उपाय बिनखर्चाचे आहेत. यंत्रणा मोनो असेल तर दोन तारांऐवजी प्रोसेसरच्या ‘एल/मोनो’ लिहिलेल्या एकाच जागेतून तार काढावी. पिंगपाँगऐवजी साधा प्रतिध्वनी निवडावा आणि तो ठेक्याशी जुळवावा. ६०,००० ला मिनिटातील ठोक्यांच्या संख्येने भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० ठोक्यांच्या गाण्यात ते ५०० होतात. त्याचा पाऊण भाग, म्हणजे ३७५, घेतला की प्रतिध्वनी ठोक्यांच्या मधल्या जागा भरतो आणि चालीवर चढत नाही. फरशी आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात घुमारा मुळातच भरपूर असतो. तेथे यंत्रातला घुमारा जवळजवळ बंदच ठेवावा. तो वापरायची खरी जागा म्हणजे मोकळे मैदान, तेही बेताने.

स्टिरिओ निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ध्वनिमुद्रणात किंवा मोबाइलवर हेडफोन लावून ऐकल्या जाणाऱ्या गाण्यात त्याची शोभा पुरेपूर मिळते. म्हणूनच एकाच सुराच्या दोन मांडण्या प्रोसेसरमध्ये साठवणे शहाणपणाचे: एक ध्वनिमुद्रणाची, एक रस्त्याची.

जोर आणि मर्यादा

हा प्रश्न केवळ वादकाच्या आवडीचा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी आहे; राज्य सरकार वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. वादक तर भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरच्या अगदी जवळ तासन्‌तास असतो. ऐकण्याची क्षमता एकदा गेली की सहसा परत येत नाही, आणि कानावर ज्याचे पोट आहे त्याला हे नुकसान इतरांहून महाग पडते.

डेसिबलचे गणितही जोराच्या बाजूने नाही. आवाज दुप्पट वाटावा, तर साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते. उलट, मधल्या पट्टीत सुराला मोकळी जागा करून दिली तर तोच बेंजो कमी आवाजातही वेगळा ओळखू येतो. वरातीच्या आदल्या दिवशी सर्व इफेक्ट बंद करून, एकाच छोट्या स्पीकरवर, चार-सहा पावले दूर उभे राहून आपला सूर ऐकावा. तेथे चाल स्पष्ट कळली तर रस्त्यावरही कळेल; मग इफेक्ट एकेक करून चढवावेत आणि चाल पुसट होऊ लागेल तेथे थांबावे.