जुनी नाणी घेऊन प्रदर्शनाला जाताना

लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायचा एखादा राणीछाप रुपया तुमच्या घरी असेल. आजीच्या ट्रंकेत चिंधीत बांधलेल्या चार शिवराया असतील, एखादा भोकाचा पैसा असेल. वर्षानुवर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी घरातला मुलगा मोबाइलवर वाचतो, की ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट लाखोंना विकली जाते. झाले! सारे घर ट्रंका उपसू लागते.

वाचकहो, तुमच्या घरी असे घडले असेल तर दोन गोष्टी करा. मोबाइलवरच्या त्या गिऱ्हाइकाला एक पैसाही पाठवू नका. आणि जवळच्या शहरात नाण्यांचे प्रदर्शन केव्हा भरते, याची चौकशी करा. पुण्यात ‘कॉइनेक्स’ नावाचे प्रदर्शन भरत आले आहे, मुंबईतही अशी प्रदर्शने होतात. बहुधा शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस ती चालतात. तारीख, जागा आणि प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

प्रदर्शन म्हणजे बाजारच

मोठ्या सभागृहात ओळीने टेबले मांडलेली असतात. देशभरातून व्यापारी आलेले असतात. काचेखाली सोन्याचे होन, चांदीचे रुपये, जुन्या नोटा, टपाल तिकिटे आणि पदके ठेवलेली दिसतात. एका बाजूला हौशी संग्राहकांचे संग्रह फलकांवर लावलेले असतात. ते विक्रीसाठी नसतात, नुसते पाहण्यासाठी असतात. काही ठिकाणी लिलावही होतो. गर्दीत शाळकरी मुले असतात, तशीच भिंग डोळ्याला लावून बसलेली सत्तरीची माणसेही असतात.

तुम्हाला गुरांचा बाजार ठाऊक आहे. तिथे तुम्ही बैलाचे दात पाहता, त्याला चालवून पाहता, चार दावणी फिरता आणि मगच भावाचे बोलता. पहिल्या दलालाच्या हातात कासरा देत नाही. इथेही तसेच वागायचे. पहिल्या दिवशी नुसते फिरा. तुमच्याकडे आहे तसेच नाणे टेबलावर दिसले तर त्याची किंमत विचारा. मग दुसऱ्या टेबलावर जाऊन तेच नाणे विकत घेणार का, कितीला घेणार, हे विचारा. विकण्याचा आणि घेण्याचा भाव यांत फरक राहणारच, कारण व्यापाऱ्याचे पोट त्यावरच आहे. पण तीन-चार ठिकाणी विचारल्यावर खरा भाव कुठे आहे, याचा अंदाज येतो. विकायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी, घरच्यांशी बोलून विका.

जुने म्हणजे महाग नव्हे

प्रदर्शनात बहुतेकांचा पहिला भ्रम फिटतो तो हा. नाणे जितके जुने तितके मोलाचे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात किंमत ठरते ती नाणे किती थोडी उरली आहेत, ते किती चांगल्या स्थितीत आहे आणि ते हवे असणारे किती आहेत यावर.

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया घ्या. टांकसाळीने पुढची कित्येक वर्षे, १८७४ पर्यंत, तेच साल रुपयावर छापले. म्हणून १८६२ चे रुपये आजही पुष्कळ सापडतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण तो दुर्मिळ आहे. म्हणूनच त्याच्या नकलाही फार. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट तर मजेची आहे. राजाच्या झग्यावर हत्तीचे चित्र होते, पण ते लोकांना डुकरासारखे दिसले. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या साली हत्ती नीट काढला गेला. संग्राहक त्या रुपयाला आजही ‘डुक्कर रुपया’ म्हणतात.

शिवराईचेही तसेच. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे. पण शिवराई महाराजांनंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली जात होती. त्यामुळे तुमच्या ट्रंकेतली शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असे नाही. ती कोणत्या काळातली, हे अक्षरांची ठेवण, खुणा आणि वजन पाहून जाणकार सांगतो. ते ऐकण्यासाठी तरी प्रदर्शनाला जावे.

चांदीच्या रुपयाचा एक हिशेब मात्र घरीच करता येतो. ‘रुपयाभार’ हे वजन आपल्या बोलण्यात आले ते याच रुपयावरून. १८६२ पासूनच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच चांदी आहे. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा; तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. त्या दिवसाचा चांदीचा भाव विचारा आणि गुणाकार करा. अस्सल रुपयासाठी त्याहून कमी कोणी देऊ लागला तर उठून चालू लागा.

नाणे धुऊ नका

प्रदर्शनाला न्यायचे म्हणून नाणी चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावून घासू नका. पाहुण्यांपुढे घासलेला तांब्या शोभतो, पण घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. त्याच्यावर काळाने चढलेला रंग हाच त्याचा दाखला असतो. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदाच्या पुडीत ठेवा आणि कडांना धरून उचला. किती नाणी नेली, ते वहीत लिहून ठेवा. गर्दीत सगळी पिशवी टेबलावर ओतू नका, एकेक नाणे दाखवा.

फसवणुकीचे चार प्रकार

ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट अजून चलनात आहे. ती अमाप छापली गेली. वापरलेल्या साध्या नोटेचे मोल पाच रुपयेच. तिला लाख देतो म्हणणारा माणूस आधी ‘नोंदणी फी’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ मागतो आणि शेवटी फोन बंद करतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना जाहीर सावध केले. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपल्या वतीने फी किंवा कमिशन घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट सांगितले. वैष्णोदेवीच्या नाण्याबद्दलच्या लाखांच्या गोष्टीही याच जातीच्या.

दुसरा प्रकार ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा’ असे लिहिलेल्या आणि राम, सीता किंवा हनुमान यांचे चित्र असलेल्या नाण्याचा. कंपनीने असे नाणे पाडलेले नाही. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी पैसे मोजू नका.

तिसरा प्रकार ‘तांदूळ ओढणाऱ्या’ नाण्याचा किंवा भांड्याचा. अशा धातूला परदेशात कोटींचा भाव आहे, असे सांगून खेड्यापाड्यांतल्या लोकांना लुबाडले जाते. तपासणीच्या नावाखाली आधी पैसे घेतले जातात. जगात असा धातू नाही.

चौथा प्रकार ओतीव नकलेचा, आणि तो प्रदर्शनातही भेटू शकतो. म्हणून विकत घेताना नाव-पत्ता असलेली पावती घ्या. पावती द्यायला जो टाळाटाळ करील, त्याचे नाणे कितीही खणखणले तरी ते खोटे समजा.

शेतात सापडले तर

नांगरताना किंवा विहीर खणताना नाण्यांचा हंडा लागला तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘सरकार सगळे नेते’ या भीतीने लोक सोनाराकडे धावतात. पण सापडणाऱ्याचा हक्कही याच कायद्यात सांगितला आहे. सरकारने ते धन ठेवून घ्यायचे ठरवले तर धातूची किंमत आणि वर एक पंचमांश रक्कम द्यावी लागते.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांतल्या दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या नाण्यांवर आपले नाव कोरले, आणि इतिहासाला पुरावा मिळाला. हा साठा मुशीत गेला असता तर नुसती चांदी उरली असती.

म्हणून प्रदर्शनाला जा, आणि मुलांना बरोबर न्या. त्यांना सालाखालची टांकसाळीची खूण शोधायला सांगा. अलीकडच्या नाण्यांवर मुंबईची खूण चौकट आणि हैदराबादची तारा. कोलकात्याची खूणच नसते. जाणे जमले नाही तर नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राचे संग्रहालय आहे, त्र्यंबकच्या वाटेवर ते पाहता येईल.

आणि ट्रंकेतल्या चिंधीचे काय? कदाचित जाणकार सांगेल, की त्यातले एकही नाणे फार मोलाचे नाही. तरी फेरी वाया गेली असे समजू नका. आता ते नाणे कोणाचे, कोणत्या काळचे, हे घरात सर्वांना ठाऊक झाले. पुढच्या लक्ष्मीपूजनाला तबकात रुपया ठेवताना नातीने विचारले, तर आजीला उत्तर देता येईल. आणि मोबाइलवरच्या लाखाच्या बोलीला घरातले कोणीही भुलणार नाही.